सूतभर ढील

पट्टा ही वस्तू मराठी संसाराला नवी नाही. चरख्याच्या मोठ्या चाकाची गती चातीपर्यंत नेणारी माळ, शिलाई यंत्राच्या पायट्यापासून वरच्या चाकापर्यंत जाणारी चामड्याची वादी, पिठाच्या गिरणीत इंजिनापासून जात्यापर्यंत धावणारा रुंद, कळकट पट्टा ही सारी एकाच कुळातली मंडळी. त्यांचा समान धर्म असा की ती स्वतः काहीच निर्माण करीत नाहीत. सूत चाती कातते, पीठ जाते दळते, टाका सुई घालते. पट्टा फक्त एकाचे बळ दुसऱ्याच्या हवाली करतो. आपल्या वाङ्मयाने चाकाचा पुष्कळ गौरव केला. रहाटगाडगे, कालचक्र, जाते या प्रतिमांवाचून आमचा एकही तास पुरा होत नाही. जात्यावर तर अगणित ओव्या रचल्या गेल्या. गिरणीच्या पट्ट्यावर रचलेली एखादी ओवी मात्र वीस वर्षांच्या अध्यापनात आमच्या वाचनात आलेली नाही. जो दोघांच्या मध्ये उभा राहतो त्याची दखल तो तुटेपर्यंत घेतली जात नाही, हा साहित्याचाही न्याय दिसतो.

हे सुचण्याचे निमित्त अगदीच गद्य आहे. आम्ही दोघे, म्हणजे पतिपत्नी, शिरोळ तालुक्यातील एका महाविद्यालयात मराठी शिकवतो आणि राहतो इचलकरंजीत. जाण्यायेण्याला गेली काही वर्षे आमच्याकडे एक विद्युत मोटारसायकल आहे. तिच्या मोटारीची गती मागच्या चाकाला पोचवण्याचे काम साखळीऐवजी एक दातेरी पट्टा करतो. या पट्ट्याची निगा राखता राखता आणि शेवटी तो बदलता बदलता आम्हांला जे दिसले ते वाचकांसमोर ठेवावेसे वाटते. त्यात यंत्राइतकाच भाषेचाही प्रश्न आहे.

प्रथम थोडे पट्ट्याविषयी. मोटारसायकलीवर पट्टा आज आला असे नव्हे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातील पुष्कळ मोटारसायकलींत मागच्या चाकाला फिरवणारा दुवा चामड्याचा पट्टाच असे. पावसात भिजला की तो घसरे आणि चढावर स्वाराला खाली उतरावे लागे. पुढे साखळीने त्याला हद्दपार केले. तो परतला तो दाते घेऊन आणि पोटात नवा तंतू घालून. १९६५ साली ड्यू पाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत स्टेफनी क्वोलेक या रसायनशास्त्रज्ञ स्त्रीने केलेल्या शोधातून पुढे केवलार हा तंतू आला. वजनाच्या मानाने पोलादाहून चिवट अशा या जातीच्या तंतूंमुळे रबरी पट्ट्याला ताण सोसण्याची ताकद मिळाली. हार्ले-डेव्हिडसनने १९८० साली आपल्या स्टर्गिस या गाडीत मागच्या चाकासाठी पट्टा वापरला आणि पुढे तो तिच्या गाड्यांत रुळला. विजेच्या दुचाकींनी त्याला जवळ केले त्याचे कारण उघड आहे. जिथे इंजिनाचा आवाजच नाही तिथे साखळीची खळखळ कानाला टोचते. शिवाय पट्ट्याला तेल लागत नाही.

तेल लागत नाही याचा अर्थ निगा लागत नाही असा पुष्कळ लोक घेतात. पट्ट्याचे पथ्य निराळे आहे, इतकेच. त्याला तेल, ग्रीस, डिझेल यांचा स्पर्शही नको. साधे पाणी, मऊ ब्रश आणि फार तर सौम्य साबण. आमचा रस्ता पंचगंगेच्या खोऱ्यातला. उसाच्या हंगामात ट्रॅक्टरच्या चाकांना चिकटून आलेली काळी माती डांबरावर पसरते आणि तिच्याबरोबर बारीक खडी येते. हा खडा पट्ट्याचा मोठा वैरी. पट्टा आणि दातेरी चाक यांच्यामध्ये तो सापडला तर पट्ट्याला आतून बाहेर भोसकतो. वरून छिद्र मोहरीएवढे दिसते, पण आतल्या दोऱ्या तुटलेल्या असतात. म्हणून महिन्यातून एका रविवारी गाडी स्टँडवर चढवून, मागचे चाक हाताने हळूहळू फिरवीत, आम्ही विजेरीच्या उजेडात एकेक दाता पाहतो. दात्याच्या मुळाशी चीर आहे का, कडेचे धागे सुटले आहेत का, पाठीवर भेगा आहेत का, एखादा दाता झिजून शेजाऱ्यांहून बुटका झाला आहे का. एकजण चाक फिरवतो, दुसरा पाहतो. प्रबंधाची मुद्रिते तपासण्याची सवय या कामी फार उपयोगी पडते.

अशाच एका रविवारी, सत्तावीस हजार किलोमीटरांच्या सुमारास, तीन दात्यांच्या मुळाशी चिरा दिसल्या. त्या आठवड्यात चढावर गाडीला जोर देताना खालून एक बारीक ‘टक्’ ऐकू येऊ लागला होता. त्याचा उलगडा झाला. विजेच्या गाडीत पट्ट्यावर दुहेरी ओझे असते, हे इथे सांगितले पाहिजे. वेग घेताना मोटार चाकाला ओढते, तेव्हा पट्ट्याचा एक पदर ताणला जातो. वेग कमी करताना तीच मोटार जनित्र बनून चाकाकडून शक्ती परत घेते आणि दुसरा पदर ताणला जातो. पेट्रोलच्या गाडीतही इंजिनाने वेग रोखला की असे होते, पण बॅटरीत वीज परत भरणाऱ्या गाडीत ही उलट ओढ रोजची आणि ठरलेली असते. देणे आणि घेणे दोन्ही त्याच दात्यांवरून व्हायचे.

पट्टा बदलणे भाग होते, आणि नेमकी तिथेच वाट अडली. ज्या कंपनीची गाडी होती तिचे जिल्ह्याच्या ठिकाणचे सेवाकेंद्र काही महिन्यांपूर्वी बंद झालेले. दूरध्वनीवरच्या विनम्र आवाजाने गाडी पुण्याला आणण्यास सुचवले. पुणे इथून सव्वादोनशे किलोमीटरहून दूर, आणि आमच्या गाडीची एका भारणातली धाव शंभराच्या आसपास. चिरलेल्या पट्ट्यावर ती तिथवर न्यायची कशी, याचे उत्तर त्या आवाजापाशी नव्हते. ते दिवसही नेमके वाईट होते. आमच्यापैकी एकाचे वडील मिरजेला रुग्णालयात होते आणि आळीपाळीने रात्रीचे जाणे-येणे चालू होते. साखळी सैल झाली तर ती आधी पुष्कळ कुरकुर करते. पट्टा बहुधा फारसे काही न बोलता जातो, आणि तो गेला की मोटार फिरत राहते, चाकाला मात्र काही पोचत नाही. रात्री अकरा वाजता उसाच्या दोन फडांमध्ये असे उभे राहण्याची कल्पना सुखावह नव्हती. आम्ही गाडी घरी ठेवली आणि एसटी धरली.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका मिस्त्रींचे गॅरेज आहे. सारा परिसर त्यांना मामा म्हणतो, आम्हीही. वय साठीच्या पुढे. तरुणपणी ते यंत्रमागावर जॉबर होते. इचलकरंजीबाहेरच्या वाचकांसाठी सांगायचे तर जॉबर म्हणजे माग बिघडला की त्याला पुन्हा चालता करणारा माणूस. १९०४ साली पहिला यंत्रमाग आलेल्या या गावात जॉबरची परंपरा शतकाहून जुनी आहे. त्या कामातले शहाणपण घेऊन मामा दुचाकींकडे वळले. आम्ही विजेची गाडी घेतली त्या दिवसापासून मात्र त्यांच्या बोलण्यात एक अंतर आले होते. भेटले की विचारपूस करीत, पण गाडीकडे पाहत नसत. आम्ही पट्ट्याचे सांगायला गेलो तेव्हा त्यांनी ते अंतर शब्दांत मांडले.

‘‘सर, ह्या गाडीला त्याल न्हाई, प्लग न्हाई, चेन-साकिट न्हाई. आमच्या पोटाचं सगळं काढूनच ही गाडी केलीया. आता बिघडली म्हणून आमच्याकडं आणायची व्हय?’’

यावर काय बोलणार? त्यात तक्रार कमी आणि हिशेब जास्त होता. ऑइल बदलणे, चेन-साकिट बसवणे, कार्बोरेटर साफ करणे या तीन-चार कामांवर छोट्या गॅरेजची चूल चालते. विजेच्या गाडीत ही कामे नाहीत आणि जी आहेत ती कंपनीने आपल्या कुलपात ठेवलेली. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली ‘दुरुस्तीच्या हक्का’चा विचार करण्यासाठी एक समिती नेमली. शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहने ही चार क्षेत्रे तिच्यापुढे होती. हा हक्क बहुतेक वेळा ग्राहकाचा म्हणून मांडला जातो. मामांच्या दारात उभे राहिल्यावर त्याला दुसरीही बाजू असल्याचे कळते. दुरुस्त करवून घेणाऱ्याइतकाच तो दुरुस्त करणाराचा हक्क आहे.

शेवटी पट्टा आम्हीच मिळवला. जुन्या पट्ट्याच्या पाठीवर आकडे छापलेले असतात. दोन दात्यांमधले अंतर, दात्यांची एकूण संख्या आणि रुंदी या तीन गोष्टी जुळल्या पाहिजेत. शिवाय दात्याची घडण तीच हवी, कारण गोल दात्याचा पट्टा चौकोनी खाचेत नीट बसत नाही. तीन आठवड्यांनी दुसऱ्या शहरातील एका विक्रेत्याकडून त्याच मापाचा पट्टा टपालाने आला. तो घेऊन पुन्हा गॅरेजात गेलो. सोबत कंपनीची पुस्तिका होती. ती इंग्रजीत, आणि मागच्या अंगाला हिंदीत काही पाने. मराठी एक ओळही नाही. मामांनी नवा पट्टा हातात घेतला, अंगठ्याने दाते चाचपले, कापलेल्या जुन्या तुकड्याच्या तोंडाशी दिसाव्यात तशा दोऱ्यांचे पुस्तिकेतले चित्र न्याहाळले आणि म्हणाले, ‘‘म्हंजे ह्यात नुसता ताणाच हाय, बाणा न्हाई.’’

आम्ही दोघेही क्षणभर गप्प झालो. पट्ट्याच्या रचनेचे इतके नेमके वर्णन त्या पुस्तिकेत नव्हते. ताण सोसणाऱ्या दोऱ्या सगळ्या लांबीच्या दिशेने धावतात, आडव्या दोऱ्या नसतात. म्हणूनच तो ओढीला पोलादासारखा आणि मोडीला काचेसारखा असतो. विणकराला हे समजावून सांगावे लागत नाही.

‘‘वाचा तुम्ही,’’ मामा म्हणाले, ‘‘मी हात लावतो.’’

पुढचे तीन तास म्हणजे आमच्या आयुष्यातील एक उत्तम भाषांतर-कार्यशाळा होती. एकाने वाक्य वाचायचे, दुसऱ्याने त्याचे मराठी करायचे आणि मामांनी ते दुरुस्त करायचे. पहिलीच सूचना सुरक्षिततेची होती. बॅटरीची जोडणी तोडा, किल्ली काढून दूर ठेवा, चाक उचला. मामांना याचे महत्त्व आमच्याआधी पटले. पेट्रोलची गाडी चालू आहे की बंद हे कानाला कळते. ही गाडी मुकी. चुकून मूठ पिळली गेली तर पट्टा आणि चाक यांच्यामधली बोटे जातील. त्यांनी किल्ली थेट आपल्या सदऱ्याच्या खिशात टाकली.

दुसरी सूचना होती की पट्टा कुठेही तीव्र कोनात वाकवू नये, पिळू नये, उलटा करू नये. आम्ही ‘आकुंचन’ हा शब्द योजला. मामांनी तो ऐकून न ऐकल्यासारखा केला. ‘‘मोड पाडायचा न्हाई, असं म्हणा.’’ मग मागच्या आसाचे नट सैल झाले, दोन्ही बाजूंचे ताण-स्क्रू मोजून तितकेच फेरे मागे घेतले गेले, चाक पुढे सरकले. साखळीला सांध्याची कडी असते, ती काढून साखळी उघडता येते. पट्टा अखंड असतो. त्याला सुरुवात नाही आणि शेवटही नाही. त्यामुळे गाडीच्या रचनेप्रमाणे कधी चाक काढून भागते, कधी चाकाचा आधार असलेला कंसही सोडवावा लागतो. आमच्या गाडीत चाकावर भागले. जुना पट्टा उतरल्यावर मामांनी दोन्ही दातेरी चाकांचे दाते बोटाने तपासले. दाता आकड्यासारखा वाकला असेल किंवा त्याला धार आली असेल तर नवा पट्टाही लवकर मरतो. दाते शाबूत होते. नवा पट्टा चढवताना बाजूला पडलेला पेचकस आमच्यापैकी एकाने पुढे केला. मामांनी तो परत ठेवला. पट्ट्याला लोखंड लावून ढकलायचे नसते, चाकच आणखी पुढे घ्यायचे, हे पुस्तिकेत पुढच्या पानावर होते. आम्ही अजून तिथवर पोचलो नव्हतो.

मग आली ती ताणाची ओळ. ठरावीक बलाने, म्हणजे सुमारे साडेचार किलोच्या भाराने, पट्ट्याच्या खालच्या पदराच्या मध्यावर दाब दिला असता तो नऊ ते दहा मिलिमीटर सरकला पाहिजे. या सरकण्याला आम्ही परिभाषेप्रमाणे ‘विक्षेप’ म्हटले. मामा म्हणाले, ‘‘झोळ म्हणा की. किती झोळ ठेवायचा? तीन सूत.’’ सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. तीन सूत म्हणजे साडेनऊ मिलिमीटर. सुतार, गवंडी, लोहार आणि जॉबर यांचे हे माप पुस्तिकेच्या दोन मर्यादांच्या बरोबर मध्ये येऊन बसले. ज्या गावात सूत हे पोटापाण्याचे नाव आहे तिथे ते मोजमापाचेही नाव असावे याचे आम्हांला इतकी वर्षे कधी नवल वाटले नव्हते.

झोळ जास्त ठेवला तर जोर देताच दाता खाचेबाहेर येऊन पुढच्या खाचेत उडी मारतो. ‘दाता चढतोय’ हे त्याचे मराठी आम्हांला तिथेच मिळाले. झोळ कमी ठेवला तर गाडी पहिल्या दिवशी सुरेख वाटते, पण मोटारीच्या आणि चाकाच्या बेअरिंगवर अखंड भार पडतो आणि ती महागडी मंडळी आधी जातात. अति ताणलेला पट्टा स्वतः टिकेलही एखादवेळ, शेजाऱ्यांना मात्र खातो. पट्टा सरळ बसला आहे हे पाहायला चाक उलटे फिरवून तो दातेरी चाकाच्या मधोमध राहतो का हे बघायचे. यासाठी आमचा शब्द ‘संरेखन’. मामांचा शब्द: ‘‘काठाला घासतोय का बघा.’’ लुगड्याचा काठ तोच दातेरी चाकाचाही.

ताण मोजायची एक रीत आवाजाचीही आहे. पट्ट्याच्या मोकळ्या पदराला बोटाने छेडले की तो तारेसारखा कंप पावतो. ताण वाढला की कंपनांची संख्या वाढते. ताण चौपट झाला तर ती दुप्पट होते. भ्रमणध्वनीतील एखादे साधन ही संख्या मोजून दाखवते. आम्ही मोबाइल धरला, मामांनी पट्टा छेडला, आकडा ठीक आला. मामांनी मात्र चाक पाव फेरा फिरवून पुन्हा अंगठ्याने दाबले आणि मान हलवली. ‘‘इथं कडक हाय.’’ आम्ही पुन्हा आकडा घेतला. तो खरोखरच वाढला होता. कोणतेही दातेरी चाक अगदी गोल नसते, आसाच्या अगदी मध्यावरही नसते, म्हणून ताण जागोजागी बदलतो. चार ठिकाणी पाहायचे आणि सर्वांत कडक जागेवर माप लावायचे, हे मामांनी मागाच्या अनुभवावरून सांगितले. आसाचा नट आवळल्यावर चाक किंचित सरकते, तेव्हा आवळून झाल्यावर पुन्हा एकदा सारे पाहिले.

काम झाल्यावर मामांनी पैसे घेतले. चेन-साकिट बसवण्याचा जो दर आहे तोच सांगितला. मग म्हणाले, ‘‘आज वाचलं ते समदं वहीत लिहून द्या. आपल्या शब्दांत.’’

त्या ‘आपल्या’त आम्ही बसतो की नाही, याचा विचार तेव्हापासून चालू आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला. महाविद्यालयात व्याख्याने झाली, आम्हीही बोललो, आणि जे बोललो त्याविषयी आमच्या मनात संदेह नाही. राज्याच्या भाषा संचालनालयाने १९६० पासून जे काम केले त्याविषयीही आदर आहे. त्यांचे परिभाषाकोश आमच्या कपाटात आहेत आणि ते आम्ही वापरतो. प्रश्न वेगळा आहे. मोड, झोळ, काठ, ताणा, सूत, दाता चढणे हे शब्द कोणी घडवलेले नाहीत. ते कामात होते, आणि एका यंत्राकडून दुसऱ्या यंत्राकडे, मागाकडून मोटारसायकलीकडे, बिनबोभाट चालत गेले. काम चालू आहे तोवरच ते चालत राहतील. उद्या गॅरेज बंद झाले आणि प्रत्येक गाडी दुरुस्तीसाठी दूरच्या शहरात, कुलपाआड जाऊ लागली, तर हे शब्द मरणार नाहीत, कोशात जातील. एखाद्या भाषेला तिच्या कारागिरांपासून तोडण्यासाठी तिच्यावर बंदी घालावी लागत नाही. कारागिराच्या हातातले काम काढून घेतले की पुरे.

वही आम्ही लिहून दिली. शंभर पानी, आखीव. पट्ट्याची दहा पाने झाली, ब्रेकची सहा, बॅटरी काढण्या-बसवण्याची चार. पट्टा बदलल्यावर पहिल्या काही शे किलोमीटरांनंतर ताण पुन्हा पाहायचा हेही त्यात आहे, आणि तसे आम्ही पाहून आलो; मामांनी अर्धा फेरा आवळला. वडील आता घरी आले आहेत. गॅरेजात अधूनमधून विजेच्या स्कूटरी उभ्या दिसतात; ज्यांचा पट्टा किंवा ब्रेक बघायचा असतो ते येतात.

वहीतले पुढचे प्रकरण मोटारीच्या नियंत्रकाचे आहे. तो डबा सीलबंद असतो, त्याच्याशी बोलायला कंपनीचा संगणक लागतो, आणि पुस्तिकेत त्याच्याविषयी एकच सूचना आहे: उघडू नये. या वाक्याचे मराठी करायला आम्हांला मामांची मदत लागली नाही.